पानगळीचे रंग

शरद ऋतू आला म्हणजे काश्मीरमधील चिनार वृक्ष रंगू लागतात. हिरवे पान प्रथम पिवळे होते, मग नारिंगी होते आणि अखेरीस असे तांबडे होते, की निशात व शालिमार या बागांतील झाडांना जणू आग लागली आहे, असे दुरून पाहणाऱ्यास वाटावे. या ऋतूस काश्मिरी भाषेत 'हरुद' म्हणतात. जपान देशात तर रंगलेली पाने पाहण्यासाठी डोंगरात जाण्याचा रिवाज शेकडो वर्षांपासून चालत आला आहे. त्यास तेथील लोक 'मोमिजीगारी' म्हणजे 'लाल पानांची शिकार' असे म्हणतात. या शिकारीत बंदूक नसते, बाण नसतो आणि कोणाचा जीवही जात नाही. चार माणसे मिळून पाने पाहतात व घरी परततात, इतकेच.

हे ऐकून नांदेड-लातूरकडील मुलामुलींच्या मनात सहज येईल, की असले काही आपल्या मराठवाड्यात नाही. आश्विन-कार्तिकात आपल्या शिवारावरून नजर फिरवावी, तर रब्बीच्या ज्वारीची कोवळी रोपे वर येत असतात, तूर फुलोऱ्यावर येऊ लागलेली असते आणि बांधावरचे निंब, आंबे व चिंचा पावसाने न्हालेल्या हिरव्या पानांनी भरलेल्या असतात. तांबडे-पिवळे पान औषधासही सापडत नाही. परंतु याचा अर्थ आपल्याकडे पानांचे रंग नाहीत असा नव्हे. आपण ते शोधतो चुकीच्या महिन्यात. चिनाराची पाने गळून चुकली, काश्मिरात बर्फ पडू लागला, की मग आपल्याकडील पानगळीस खरा प्रारंभ होतो. ती पौषात सुरू होते, माघ-फाल्गुनात रंगास येते आणि चैत्र लागता लागता तिच्या पाठोपाठ पालवी येते. आपल्या पूर्वजांनी सहा ऋतूंत शिशिरास वेगळे स्थान दिले, ते उगीच नव्हे.

हा महिन्यांचा फरक का पडतो, ते समजून घेण्यासारखे आहे. पान हे झाडाचे स्वयंपाकघर होय. मुळांनी आणलेले पाणी व हवेतून घेतलेला कर्बवायू यांपासून पान सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. त्यासाठी पानावर असंख्य बारीक छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. हवा आत घ्यावयाची, तर ही छिद्रे उघडी ठेवावी लागतात, आणि ती उघडी असली की त्यांतून पाण्याची वाफ बाहेर निसटते. भरल्या पानांचे मोठे झाड अशा रीतीने एका दिवसात कित्येक घागरी पाणी हवेत सोडून देते. पावसाळ्यात हा खर्च परवडतो. पण जमिनीतील पाणी मिळेनासे झाले, तर काय करावयाचे? थंड देशांत हिवाळ्यात जमीन गोठते. पाणी असूनही मुळांना ते घेता येत नाही. तेथे दिवस लहान होऊ लागताच झाडांस पुढील संकटाची सूचना मिळते व ती पाने टाकून मोकळी होतात. आपल्याकडे जमीन गोठत नाही, ती वाळते. पावसाळ्यात मुरलेली ओल दिवाळीनंतरही काही दिवस टिकते, नंतर हळूहळू खाली खाली जाते. म्हणून आपली झाडे थंडीपेक्षा ओलीकडे अधिक लक्ष ठेवून असतात. काश्मिरातील झाड गारठ्यापुढे हात टेकते, मराठवाड्यातील झाड कोरडेपणापुढे.

पाने गळतात असे आपण म्हणतो, परंतु खरे पाहता झाड ती काढून टाकते. पानात हिरवा रंग असतो तो हरितद्रव्याचा. पान टाकावयाचे ठरले, की झाड नवे हरितद्रव्य तयार करणे थांबवते. जुने मोडू लागते व त्यातील नत्रासारखी मोलाची द्रव्ये फांदीत परत ओढून घेतली जातात. घर सोडून जाणारे कुटुंब भांडीकुंडी आधी काढून नेते, तसाच हा प्रकार. हिरवा रंग ओसरला, की त्याच्या आड दडलेला पिवळा रंग दिसू लागतो. हा पिवळा रंग पानात पहिल्यापासूनच असतो. गाजराला ज्याने नारिंगी रंग येतो, त्याच्याच जातीचे ते द्रव्य. तांबड्या रंगाची गोष्ट मात्र निराळी. तो बहुधा आधी नसतो. पानात साखर साठून राहिली व वर स्वच्छ ऊन असले, म्हणजे तो नव्याने तयार होतो. जांभूळ खाल्ल्यावर जिभेवर जो रंग उमटतो, तो त्याच घराण्यातला. इकडे हे रंग चाललेले असताना देठाच्या मुळाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होत असतो. त्याच्या आतील बाजूस झाड आपली जखम आधीच बंद करून ठेवते, आणि मग वाऱ्याची लहानशी झुळूकही पुरते. गळून पडलेल्या पानाच्या जागी फांदीवर जो लहानसा व्रण दिसतो, त्यातून रस गळत नाही, याचे कारण हेच.

आता हे रंग पाहावयास कोठे जावे?

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकास किनवट व माहूर हे तालुके आहेत. पैनगंगा नदी या भागास वळसा घालून जाते आणि नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा लागतो. मराठवाडा म्हटले की उघडे माळ व काळी राने डोळ्यांसमोर येतात. परंतु येथे मात्र डोंगरांच्या ओळीमागून ओळी आणि त्यांवर सागाचे दाट रान आहे. गोंड, कोलाम, आंध या आदिवासी जमातींचे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे घर. नदीच्या दोन्ही अंगांचे काही रान पैनगंगा अभयारण्य म्हणून राखून ठेवलेले आहे. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग भोकर, हिमायतनगर व किनवट या गावांवरून जातो. माघ महिन्यात या गाडीने सकाळी निघावे आणि खिडकीशी बसावे. भोकरपर्यंत शेते दिसतात, पुढे हळूहळू डोंगर जवळ येतात आणि मग रुळांच्या दोहों बाजूंस साग सुरू होतो.

साग रंगाने फारसा नटवा नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. त्याचे पान मोठे, कित्येकदा हाताच्या कोपराएवढे लांब, आणि खरखरीत. ते पिवळसर होते, त्यावर तपकिरी ठिपके उमटतात व शेवटी वाळलेल्या तंबाखूच्या रंगाचे होऊन ते खाली येते. पण त्याची गंमत डोळ्यांपेक्षा कानांस अधिक. सागाचे पान पडते ते तरंगत नव्हे, तर फांद्यांवर आपटत, खडखड वाजत. रानात शांतता असेल, तर एकच पान पडल्याचाही आवाज चांगला दूरवर ऐकू येतो, आणि खाली पडलेल्या पाचोळ्यातून साधी खार पळाली, तरी मोठे जनावर आले की काय, असे वाटून माणूस दचकतो.

रंगासाठी पाहावयाचा तो धावडा. माझ्या मते या रानातील पानगळीचा राजा तोच. एरवी त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू करताना धावड्याचा डिंक मात्र आठवणीने मागविला जातो. त्याची पाने लहान असतात. ती हिवाळा सरता सरता तांब्याच्या भांड्यासारखी होतात, काही झाडांवर चांगली लालही होतात, आणि सूर्य खाली उतरला असता सबंध उतार तांबूस दिसू लागतो. चिनाराच्या बरोबरीचा हा देखावा आहे असे मी म्हणणार नाही. पण चिनार बागेत लावलेला असतो. धावडा खडकाळ उतारावर, जेथे मातीचा थर वीतभरही नसतो, तेथे आपला आपण उभा असतो.

त्याच उतारावर, पण अधिक उघड्या जागी, सालई व कांडोळ भेटतात. सालईची साल कागदासारखी सुटते आणि तिचा राळेसारखा डिंक धुपासाठी वापरतात. कांडोळाचे पान पिवळे होऊन लौकर गळते आणि मग पांढरे, गुळगुळीत खोड तेवढे उरते. चांदण्या रात्री निष्पर्ण कांडोळ पाहून भुताची आठवण होणारे लोक पुष्कळ आहेत. रंग म्हणजे केवळ पानांचाच, असे मानण्याचे कारण नाही. पाने गेल्यावर खोडांचे रंग दिसू लागतात, हाही पानगळीचाच एक लाभ.

माहूर गडावर गेलात, तर हे सारे एकदम दृष्टीस पडते. रेणुकादेवीच्या दर्शनास महाराष्ट्रातून व तेलंगणातून असंख्य लोक येथे येतात. देवळाच्या पायऱ्यांवरून किंवा दत्तशिखराच्या उंचीवरून भोवताली पाहिले, म्हणजे एक नियम ध्यानात येतो. डोंगरमाथे आधी उघडे पडतात. उतार त्यानंतर रंगतात. पश्चिमेकडील व दक्षिणेकडील उतारांस ऊन अधिक लागते, म्हणून ते पुढे; उत्तरेकडील उतार आठ-पंधरा दिवस मागे. आणि ओढ्यांच्या काठांनी मात्र हिरव्या रेघा तशाच राहतात. तेथे जांभूळ, करंज, अर्जुन यांना पाणी मिळत असते. अशा रीतीने जमिनीखाली पाणी कोठे आहे, हे माघातला डोंगर रंगांनी लिहून दाखवितो. जुने जाणते लोक विहिरीची जागा ठरविताना हिरव्या झाडांकडे पाहत असत, त्यामागील कारणही हेच. इस्लापूरजवळ पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे. पावसाळ्यात त्याच्या गर्जनेसमोर झाडांकडे कोणाचे लक्ष जात नाही, पण पाणी ओसरल्यावर काळा खडक, काठचे हिरवे झाड व वरचे तांबूस रान, असे तीन रंग एका ठिकाणी पाहावयास मिळतात.

फाल्गुन लागला की पळसाची पाळी येते. "पळसाला पाने तीनच" ही म्हण आपण सर्व जण म्हणतो. परंतु फाल्गुनात त्याला एकही पान नसते! ज्या तीन-तीन पानांच्या पत्रावळी व द्रोण लावले जातात, ती सर्व गळून जातात आणि काळ्या, वेड्यावाकड्या फांद्यांवर केशरी फुले उमलतात. काटेसावर व पांगारा हेही पाने टाकल्यावरच फुलतात. यात झाडाचा हिशेब आहे. पानांचा पडदा नसला, की फूल दूरवरून दिसते. मैना, बुलबुल, सूर्यपक्षी मधासाठी येतात आणि परागांची ने-आण होते. पुढे सावरीची बोंडे उकलतात तेव्हा कापसाचे पुंजके वाऱ्यावर उडून जावयास पानांची आडकाठी नसते.

लातूर जिल्ह्यात जंगल फारच थोडे आहे. शंभर भागांत एक भागही वनाखाली नाही. तेथे रानभर रंग पाहावयास मिळतील, अशी आशा धरू नये. बालाघाटच्या पठारावरील ही काळी जमीन पिकांसाठी उत्तम, म्हणून ती शतकानुशतके नांगराखाली आहे. पण या सपाट मुलखात मध्येच एखादी टेकडी उठलेली दिसते. लोक तिला 'बेट' म्हणतात. भोवती पाण्याचा थेंब नसताना बेट कसले, असे परक्यास वाटेल. पण शेतांच्या समुद्रातून वर आलेली ती जागा पाहिली, की हे नाव किती नेमके आहे ते पटते. उदगीरजवळ देवर्जनचे हत्तीबेट आहे. चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचे बेट आहे. औषधी वनस्पतींसाठी त्याची ख्याती आहे. नांगर जेथे चढू शकला नाही, तेथे थोडी झाडेझुडपे उरली. दोन हजार झाडांत जो रंग हरवून जातो, तो येथे एकेका झाडापाशी थांबून पाहता येतो.

आणि बेटापर्यंतही जाणे झाले नाही, तरी निराश होऊ नये. शहरातील शाळेच्या किंवा कचेरीच्या आवारात पुष्कळदा देशी बदामाचे झाड असते. छत्रीवर छत्री मांडावी तशा त्याच्या आडव्या फांद्या असतात. हे झाड मूळचे समुद्रकाठचे, पण आपल्याकडे सावलीसाठी लावले गेले. पान गळण्यापूर्वी लालभडक होणे ही गोष्ट आपल्याकडे कोणास साधत असेल, तर ती या बदामास. एकाच फांदीवर हिरवे, पिवळे, नारिंगी व किरमिजी अशी चारही पाने एका वेळी मिळतात. ती ओळीने मांडून पाहा. वर सांगितलेली हरितद्रव्याची सारी हकीकत तुमच्यासमोर क्रमाने उभी राहील.

येथवर जुन्या पानांचे रंग झाले. पण मराठवाड्यातील खरा तांबडा रंग पाहावयाचा असेल, तर तो जाणाऱ्या पानात नव्हे, येणाऱ्या पानात पाहावा. चैत्राच्या तोंडावर गावच्या पारावरील पिंपळाकडे लक्ष द्या. जुनी पाने गळून झाड उघडे दिसते न दिसते, तोच तांबूस गुलाबी पालवी फुटते. ती इतकी पातळ व तुकतुकीत असते, की ऊन तिच्यातून पलीकडे दिसते. निंबाची गोष्ट तशीच. फाल्गुनात रस्त्यावर त्याच्या पिवळ्या पानांचा सडा पडतो, आणि गुढीपाडव्यास गुढीला बांधण्यासाठी डहाळी काढावी, तर टोकाची पाने तपकिरी-तांबूस निघतात. मोहाची पालवीही तांबूसच. या सर्वांवर ताण करणारा वृक्ष म्हणजे कुसुंब. त्याची पालवी फुटते तेव्हा संपूर्ण झाड रक्तवर्णी होते आणि लांबून पाहणारा त्यास फुलेच समजतो. हा थाट थोडे दिवसच टिकतो. पुढे पाने पोपटी व नंतर हिरवी होतात. कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून पुरते भरलेले नसते आणि वर चैत्राचे ऊन तर कडक असते. अशा वेळी तांबडे द्रव्य त्या नाजूक पानास उन्हापासून जपते, असे शास्त्रज्ञ मानतात.

येथे एक कोडे उभे राहते. पाणी नाही म्हणून ज्या झाडाने पाने टाकली, ते पाऊस येण्यास दोन-तीन महिने अवकाश असताना, ऐन उन्हाळ्यात, नवी पाने का काढते? त्याचे उत्तर हिशेबाच्या वहीत सापडते. जुनी पाने गेली, तशी पाण्याची उधळपट्टी थांबली. खोल गेलेली मुळे खालून थोडी ओल आणीतच असतात. ती शिल्लक खोडात साठते आणि त्या शिलकेवर झाड नवी पालवी काढते. मृगाचा पाऊस आला, की तयार पाने लागलीच कामास लागतात. २०१६ साली लातुरास पाण्याची इतकी टंचाई झाली, की एप्रिल महिन्यापासून मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. सुमारे ३४० किलोमीटरांचा तो प्रवास. प्रथम एका खेपेस ५ लक्ष लिटर व पुढे २५ लक्ष लिटरपर्यंत पाणी आले, आणि ते लोकांना मोजून मिळाले. त्याच चैत्रात, त्याच लातुराच्या रस्त्यांवर निंबांना आणि पिंपळांना मात्र पालवी फुटलेली होती. त्यांनी आपली काटकसर माघातच केली होती.

गळलेल्या पानांचे पुढे काय होते, हेही पाहिले पाहिजे. सागाच्या रानात पाचोळ्याचा घोट्याएवढा थर साचतो. वाळवी, बुरशी, किडे त्यास कुरतडतात. पावसाळ्यात तो कुजून माती होतो आणि पडणाऱ्या पावसाचा मारा स्वतःवर झेलून खालची जमीन धुपू देत नाही. पण फाल्गुन-चैत्रात हाच थर मोठा घातक ठरू शकतो. मोहाची फुले पहाटे झाडाखाली पडतात. ती पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून वेचणारी माणसे कधीकधी झाडाखालचा पाला पेटवून जागा स्वच्छ करतात. वारा सुटला, तर तीच आग रानात शिरते व वणवा होतो. मोठी झाडे त्यातून वाचतात. पण धावड्याची, सागाची हातभर रोपे, जमिनीवर घरटे करणारे पक्षी आणि मातीवरचे ते पांघरूण, सारे जळून जाते. म्हणून वनखात्याचे लोक उन्हाळ्यापूर्वी पाचोळा झाडून रानात मोकळे पट्टे काढतात. त्यांना जाळरेषा म्हणतात. आग तेथवर येते व पुढे काही न मिळाल्याने विझते. मोह वेचणारे पाला जाळण्याऐवजी खराट्याने झाडून घेतील किंवा झाडाखाली कापड अंथरतील, तर फुलेही मिळतात आणि रानही राहते. शिशिरात रान पाहावयास जाणाऱ्यांनी तर काडेपेटी घरीच ठेवावी. वाळलेल्या सागपानास एक ठिणगी पुरते.

जावयाचे झाल्यास पौषाची अखेर ते माघ हा काळ किनवटच्या डोंगरांसाठी, फाल्गुन पळसासाठी, आणि फाल्गुनाची अखेर ते चैत्र हा काळ पालवीसाठी राखावा. वेळ सकाळची किंवा सायंकाळची असावी. भर दुपारच्या उन्हात सारेच रंग पांढुरके दिसतात. सूर्य पानाच्या मागे राहील अशा बाजूस उभे राहावे. पान तोडण्याची गरज नाही, खाली पुष्कळ पडलेली असतात. ती वहीत दाबून ठेवली, तर पिवळा रंग बरेच दिवस राहतो, तांबडा मात्र लौकर मळतो.

सर्वांत शेवटी जागा होतो तो साग. निंब, पिंपळ, कुसुंब हिरवे होऊन गेले, तरी हा उघडाच असतो. मृगाच्या आगेमागे, पहिल्या सरींच्या सुमारास, त्याच्या शेंड्यांवर कोवळी पाने दिसू लागतात. ती रंगाने हिरवी. पण त्यांतील एखादे पान दोन बोटांत धरून चोळावे, म्हणजे बोटे कुंकवात बुडविल्यासारखी लाल होतात.